आजीच्या अक्षराचा फाँट

लग्न ठरलं की हॉल, केटरर आणि भटजी या तीन गोष्टी आधी पक्क्या करून टाका, असं आम्हांला इथल्या जाणत्या मंडळींनी बजावलं होतं. त्याप्रमाणे आम्ही लोअर हटमध्ये हॉल धरला, पुरणपोळ्या करून देणाऱ्या एक बाई गाठल्या, भटजींची तारीख घेतली आणि निर्धास्त झालो. आमचं घोडं पत्रिकेवर अडेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

ही गोष्ट २०२३ च्या हिवाळ्यातली. लग्न फेब्रुवारी २०२४ चं, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यातलं. जावईबापू अस्सल किवी. पत्रिकेची डावी बाजू इंग्रजीत, उजवी मराठीत, असं लेकीनं ठरवलं. इंग्रजी बाजू तिनं एका संध्याकाळी करूनही टाकली. काय ती अक्षरं! एकातून एक निघालेली, सुरेख झुकलेली, कॅपिटल अक्षरांना मोराच्या पिसाऱ्यासारख्या शेपट्या. आम्हांला तर शाळेतल्या कर्सिव्हच्या चाररेघी वह्याच आठवल्या. फरक एवढाच, की आमच्या वह्यांत शाईचे डाग असायचे.

"या फाँटचं नाव स्नेल राउंडहँड," लेक म्हणाली. मग तिनं माहिती पुरवली. चार्ल्स स्नेल हे सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये सुंदर अक्षर शिकवणारे मास्तर. त्यांच्या वळणावरून १९६०च्या दशकात मॅथ्यू कार्टर यांनी हा टाइप काढला. याच कार्टरसाहेबांनी पुढे १९७०च्या दशकात लायनोटाइप कंपनीसाठी देवनागरीही रेखाटली, हे कळल्यावर तर आम्हांला ते एकदम घरचेच वाटायला लागले.

असल्या नटव्या अक्षरांचं काम ठरलेलं असतं. लग्नपत्रिका, मानपत्र, चॉकलेटचा डबा, मार्लबरोच्या वाइनच्या बाटलीवरचं लेबल. चार शब्द असावेत, भोवती मोकळी जागा असावी, आणि बघणाऱ्याला घाई नसावी. त्यात बँकेचा अर्ज लिहिला तर पहिल्या ओळीतच डोळे दुखतील. शालू नेसून कोणी भांडी घासत नाही, तसंच हे.

"आता मराठीत असाच एखादा फाँट द्या," लेकीनं हुकूम सोडला. "त्यात काय!" आम्ही म्हणालो, आणि तिथंच फसलो.

मजकूर आम्ही लिहून दिला. "चि. सौ. कां." बघून लेक म्हणाली, "लग्नाआधीच सौ. कशी?" तिला सौभाग्यकांक्षिणी समजावून सांगण्यात अर्धा तास गेला. मग तो मजकूर छापखान्यात गेला, आणि चार दिवसांनी प्रूफ आलं. "श्री"चा पाय मोडून दोन तुकडे झाले होते. "विवाह"मधली पहिली वेलांटी आपलं घर सोडून शेजारच्या "व"कडे राहायला गेली होती. जोडाक्षरांचे सगळे काडीमोड झाले होते. लग्नाच्या पत्रिकेत हे अशुभच म्हणायचं! छापखान्यातला तरुण बिचारा सज्जन. माओरी शब्दांतल्या स्वरांवरची आडवी रेघ तो चोख सांभाळत होता, पण आपल्या शिरोरेघेशी त्याची ओळख नव्हती. "मला तर हे छान दिसतंय," तो अगदी मनापासून म्हणाला. शेवटी लेकीनंच संगणकाची कुठलीशी कळ फिरवून जोडाक्षरांचा संसार पुन्हा जुळवला.

मग फाँटचा शोध सुरू झाला. पूर्वीपेक्षा आता पुष्कळ सोय आहे. आय.आय.टी. मुंबईत शिकवणारे कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी "मंगल" केला, आणि कित्येकांनी आयुष्यातली पहिली मराठी ईमेल त्यात वाचली. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीनं २०१४ मध्ये "कलम" नावाचा फाँट मोफत खुला केला. पेननं भराभर पण नीट लिहिल्यासारखं त्याचं वळण. लेकीला तो आवडला. आमच्यापैकी एकाला आवडला. दुसरीनं चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि म्हटलं, "चांगलाय. पण हे कोणाचं अक्षर?"

या प्रश्नावर घरात जी शांतता पसरली, तिचं कारण सांगायला थोडं मागं जावं लागेल.

आम्ही १९९६ साली दोन बॅगा, एक प्रेशर कुकर आणि भरपूर अज्ञान घेऊन इथं आलो. तेव्हा वाईला फोन करायचा म्हणजे मिनिटांवर डोळा ठेवून बोलायचं. त्यामुळं खरं बोलणं पत्रांतून. आमच्या पत्राची अर्धी बाजू एकानं लिहायची, अर्धी दुसरीनं. एकाचं अक्षर मुंग्यांची रांग, दुसरीचं टपोरं. दहा-बारा दिवसांनी पत्र वाईला पोचायचं आणि आईंचं उत्तर यायचं. (आई म्हणजे एकाची आई, दुसरीच्या सासूबाई. पत्रं दोघांनाही सारखीच यायची, हे त्यांचं वैशिष्ट्य.)

आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. त्यांच्या हाताखाली वाईच्या दोन पिढ्यांनी कित्ता गिरवला. अक्षर कसं? मोत्याच्या दाण्यासारखं म्हणायची पद्धत आहे, तसंच. शब्द पूर्ण लिहून झाला की डावीकडून उजवीकडं एका झटक्यात शिरोरेघ. "अक्षराला छप्पर घातलं नाही तर पावसात भिजेल," असं त्या मुलांना सांगायच्या. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे, तो त्यांच्या विशेष आवडीचा. पहिलं अक्षर काढलं त्याच घाटाचं शेवटचं असावं, सारा ग्रंथ एका टाकानं उतरल्यासारखा दिसावा, ही समर्थांची अपेक्षा त्या चौथीच्या मुलांकडूनही करायच्या.

देवनागरीचा बोरू तासतात त्याचा काप इंग्रजी टाकाच्या उलट दिशेला तिरका असतो, हेही आम्हांला त्यांनीच दाखवलं होतं. म्हणून इंग्रजी सुलेखनाचा टाक घेऊन मराठी लिहायला गेलं की जाड रेघ नको तिथं येते आणि अक्षर परकं वाटतं. मोडीही त्यांना थोडी वाचता यायची. आधी ओळभर रेघ ओढून घ्यायची आणि तिला हात फारसा न उचलता अक्षरं लटकवत जायचं. कारकुनाच्या घाईची ही लिपी. सेरामपूरला विल्यम केरीनं १८१० साली मराठी कोश मोडी टाइपात छापला खरा, पण छापखान्याला पुढे बाळबोधच मानवली. हातानं धावणारी अक्षरं खिळ्यांत बसवायची म्हणजे धावणाऱ्या पोराला फोटोसाठी उभं करण्यासारखं आहे. अच्युत पालवांनी मोडीचं ते धावतं वळण आजच्या सुलेखनात आणलं. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींत प्रत्येक नाटकाच्या नावाला त्याचा स्वतःचा चेहरा दिला. ही नावं आईंच्या तोंडी नेहमी. रविवारच्या पेपरातली नाटकांची जाहिरात त्या बातम्यांच्या आधी बघायच्या.

तर २००१ साली आमच्या घरी प्रिंटर आला. पुण्याहून येणाऱ्या एका स्नेह्यानं मराठी फाँटची सीडी आणली. तेव्हा युनिकोड घरोघरी पोचलं नव्हतं. एका फाँटात लिहिलेलं दुसऱ्यात उघडलं की पडद्यावर नुसता भाजीबाजार. पण त्या सीडीत एक फाँट होता, बोरूनं लिहिल्यासारखा, झोकदार. आम्ही त्यात आईंना दोन पानी पत्र लिहिलं, गुळगुळीत कागदावर छापलं आणि पाठवलं.

त्या पत्रामागं आणखी एक गोष्ट होती. ती आम्ही आजवर कोणाला सांगितली नव्हती. त्या वर्षी आमच्यापैकी एकाची नोकरी गेली होती. पाच महिने घरी बसून काढले. लेक तीन वर्षांची, घराचं कर्ज नवं. वाईला कळवायचं नाही असं आम्ही ठरवलं. पण हातानं पत्र लिहायला बसलं की अक्षर फितूर व्हायचं. ओळी खाली उतरायच्या, काना अर्ध्यावर थांबायचा. आईंनी आयुष्यभर अक्षरंच तपासलेली. एकदा नुसत्या अक्षरावरून त्यांनी "पाठ दुखते आहे का?" असं विचारलं होतं आणि ती खरंच दुखत होती. म्हणून ते छापील पत्र. संगणकाचं कौतुक हा बहाणा. फाँटला ना पाठ असते, ना कर्ज. "आम्ही मजेत आहोत" हे वाक्य त्यानं मजेत असल्यासारखंच छापलं. सुंदर अक्षराचा हा उपयोग कुठल्या माहितीपत्रकात दिलेला नसतो.

आईंचं उत्तर आलं. पत्र देखणं आहे, शेजारणीला दाखवलं, तिला कुठल्याशा समारंभाचं निमंत्रण वाटलं, वगैरे. आम्ही हसलो. "जमलं," म्हणालो. पुढं नोकरी लागली, फोन स्वस्त झाले, पत्रं विरळ होत गेली. आई २०११ साली गेल्या. पत्रं एका बुटांच्या खोक्यात राहिली.

तर "हे कोणाचं अक्षर?" या प्रश्नानंतर तो खोका कपाटाच्या वरच्या कप्प्यातून खाली आला. लेकीनं ती पत्रं कधी वाचली नव्हती. खरं म्हणजे तिला वाचताच येत नव्हती. मराठी ती छान बोलते, भांडते तर उत्तमच, पण अक्षरओळख शनिवारच्या वर्गात "कमळ-बदक"पर्यंत येऊन पोहण्याच्या क्लासपुढं हरली होती. दोष तिचा नव्हे. शनिवारी गाडी कोणत्या दिशेला वळवायची हे आम्हीच ठरवत होतो.

ती बराच वेळ पत्रं उलटसुलट करून बघत राहिली. मग म्हणाली, "आपण आजीच्या अक्षराचाच फाँट करू या."

आम्ही हसण्यावारी नेलं, तेव्हा तिनं जोसेफ चर्चवर्ड यांचं उदाहरण दिलं. समोआत जन्मलेला हा मुलगा तेराव्या वर्षी वेलिंग्टनला आला आणि त्यानं पुढं आयुष्यभरात सहाशेच्या वर टाइप हातानं रेखाटले. "ते पापा"नं त्यांच्या अक्षरांचं प्रदर्शन भरवलं होतं. २०१३ साली ते वारले. "त्यांनी सहाशे केले, आपल्याला एकच करायचाय," लेक म्हणाली. परक्या देशात आलेल्या माणसानं अक्षरं काढत बसावं, यात आम्हांलाही काही गैर दिसेना.

आता इंग्रजीचा फाँट म्हणजे मोठी सव्वीस, लहान सव्वीस, आकडे आणि विरामचिन्हं, की संपलं. आपल्याकडं स्वर, व्यंजनं, काने-मात्रे, अर्धी अक्षरं, रफार आणि जोडाक्षरं धरली की संख्या काही शेकड्यांत जाते. साधी पहिली वेलांटी घ्या. "कि"ची अरुंद, "स्थि"ची रुंद, म्हणून तीसुद्धा वेगवेगळ्या मापांची लागते. शिवाय मराठीचे "ल" आणि "श" वेगळे, हिंदी वळणाचे चालत नाहीत. आणि "साऱ्या", "दुसऱ्या" यांतला तो कोयत्यासारखा "र" आपला खास.

लेकीनं एक मोठा तक्ता केला. प्रत्येक अक्षराला एक चौकोन. जे अक्षर हवं ते आजीच्या पत्रांत शोधायचं, त्यावर पातळ कागद ठेवून गिरवायचं, मग स्कॅन करायचं. जूनमधल्या वेलिंग्टनच्या त्या वाऱ्या-पावसाच्या संध्याकाळी हीटर लावून आम्ही तिघं, आणि बरेचदा भावी जावईही, हा उद्योग करत बसायचो. "ळ" भरपूर मिळाला, कारण आईंचं प्रत्येक पत्र "बाळ"नं सुरू होऊन "कळावे"नं संपायचं. "ज्ञ" ज्ञानेश्वरीमुळं सापडला. "ङ"साठी आठवडा गेला, शेवटी शाळेच्या वाङ्मय मंडळाच्या हकिगतीत तो एकदाच भेटला. "ऋ" दुर्मीळ असेल असं वाटलं होतं, पण तो दर दुसऱ्या पत्रात हजर. आमचे हिवाळे-उन्हाळे उलटे, हे आईंना अखेरपर्यंत पटलं नाही. "तिकडे सध्या कोणता ऋतू?" हे त्या दरवेळी विचारायच्या.

पण खरी अडचण पुढंच होती. "अ" कोणता घ्यायचा? १९९६ चा "अ" ताठ, डौलदार. २००३ चा थोडा कललेला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा मोठा थोरला. शेवटच्या पत्रांतला कापरा, शिरोरेघ "अ"ला धड न टेकलेली. लेकीनं सगळे "अ" टेबलावर ओळीनं मांडले. तेरा वर्षांत एक बाई म्हातारी होत गेलेली आमच्या डोळ्यांपुढं दिसत होती.

हरमान झाफ यांनी १९९८ साली "झाफिनो" नावाचा अप्रतिम हस्ताक्षरी टाइप केला, त्यात एकेका अक्षराची अनेक रूपं दिली आहेत. म्हणजे तेच अक्षर पुन्हा आलं तरी शिक्का मारल्यासारखं दिसू नये. तसंच करावं, असं आम्ही सुचवलं. लेक म्हणाली, "मग संगणक एका शब्दात साठ वर्षांची आजी वापरेल आणि दुसऱ्यात ऐंशीची. आणि एकच 'अ' ठेवला तर आजी कायम एकाच वयाची राहील."

समर्थांनी सांगितलेली गोष्ट फाँटला तंतोतंत साधते. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत तोच टाक, तीच शाई, तोच घाट. ग्रंथाला ते हवंच, पत्रिकेलाही हवं. पण पत्रात आम्ही जे वाचत होतो, ते नेमकं टाक बदलल्याचंच होतं, हे इतक्या वर्षांनी ध्यानात आलं.

फाँट अर्ध्यावर राहिला. पण तोवर एक भलतीच गोष्ट घडून गेली होती. अक्षरं शोधता शोधता लेक वाचायला लागली होती. आधी अक्षर, मग शब्द, मग बोट ठेवून ओळ. एका रात्री ती खोक्यातलं एक पत्र मोठ्यानं वाचू लागली. तारीख २००१ ची. पत्र देखणं, शेजारीण, समारंभाचं निमंत्रण, हे सगळं आलं. मग ती अडखळत पुढं वाचत गेली: "पत्र छापील असले तरी पाकिटावरचा पत्ता हाताने लिहिला होतात, तो पाहिला. काळजी करू नका. दिवस जातात."

लेकीनं मान वर करून विचारलं, "कसली काळजी?"

हे वाक्य आम्ही २००१ सालीही वाचलं असणार. आईंच्या नेहमीच्या धीराच्या वाक्यांतलं एक, असं समजून पुढं गेलो असू. पाकिटाचं आमच्या लक्षातच आलं नव्हतं. प्रिंटरमध्ये पाकीट घातलं की अडकायचं, म्हणून पत्ता तेवढा हातानं घातलेला. दोन पानं नटूनथटून खोटं बोलली, आणि चार ओळींच्या पत्त्यानं खरं सांगून टाकलं. आईंनी ते ओळखलं, आणि विचारून आम्हांला उघडं पाडलं नाही.

त्या रात्री आम्ही लेकीला त्या पाच महिन्यांची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. ती उठून चहा करायला गेली. परत आल्यावर म्हणाली, "पत्रिकेवर या पत्रातली ओळ घ्यायची."

तर अखेर पत्रिका अशी झाली. डावीकडं स्नेल मास्तरांची झुलती इंग्रजी अक्षरं. उजवीकडं मजकूर "कलम"मध्ये, कारण हॉलचा पत्ता आणि मुहूर्ताची वेळ नीट वाचता यायला हवी. आणि वर, गणपतीच्या खाली, २००१ च्या त्या पत्राच्या मायन्यातले तीन शब्द, आईंच्या हातचे, जसेच्या तसे: "अनेक उत्तम आशीर्वाद". "उत्तम"मधल्या "त्त"वर शाई किंचित फुटली आहे. छापखान्यातल्या तरुणानं फोन करून विचारलं, "हा डाग काढून टाकू का?" आम्ही तिघंही एकदम "नको" म्हणालो.

भारतातल्या पत्रिका पोस्टानंच पाठवल्या. पाकिटांवरचे पत्ते लेकीनं स्वतः लिहिले, मराठीत, एकेक अक्षर सावकाश काढत. खाली "इंडिया" तेवढं इंग्रजीत, पोस्टाच्या सोयीसाठी. पुण्याच्या काकांचा फोन आला. पत्रिकेबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. म्हणाले, "पत्ता कोणी लिहिलाय? पोरीनं? अरे, हिचं अक्षर थेट वहिनींच्या वळणावर गेलंय!"

जाणारच. ऐन पंचविशीत का होईना, कित्ता तिनं त्यांचाच गिरवला होता.

वाचकहो, तुमच्याही घरी कपाटाच्या वरच्या कप्प्यात एखादा बुटांचा खोका असेल. लग्नकार्याची वाट न बघता तो खाली काढा, आणि मुलांना नुसता "ळ" शोधायला सांगा. पुढचं त्यांचं ती बघून घेतील.

हा लेख खरं तर आम्ही हातानंच लिहिला होता, अर्धा एकानं, अर्धा दुसरीनं. पण संपादकांचा आग्रह युनिकोडचा. तेव्हा आम्ही मजेत आहोत, यावर या वेळी तुम्हांला असाच विश्वास ठेवावा लागेल.